झेंडे त्यांचे, भांडण आपलं

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये एखाद्या गल्लीच्या तोंडाशी पॅलेस्टाईनचा झेंडा दिसला की वस्ती कॅथलिक राष्ट्रवाद्यांची, आणि विजेच्या खांबावर इस्रायलचा दिसला की ब्रिटननिष्ठ प्रोटेस्टंटांची, एवढा अंदाज नवख्यालाही बांधता येतो. भांडण त्यांचं आपसातलं, झेंडे तेवढे परके.

मी राहते डब्लिनला, आयर्लंडच्या राजधानीत. इथे बोलण्यात बहुतेक एकच बाजू ऐकू येते, पॅलेस्टाईनची. मे २०२४ मध्ये आयर्लंडने स्पेन आणि नॉर्वेसोबत पॅलेस्टाईनला मान्यता दिली, डिसेंबरात इस्रायलने इथला दूतावास बंद करत असल्याचं जाहीर केलं. ऑफिसात कुणी त्याबद्दल हळहळलं नाही. संध्याकाळी फोन उघडावा, तर आमच्या सांगलीकरांच्या ग्रुपवर मामांचा फॉरवर्ड: शिका जरा इस्रायलकडून!

मामांच्या मते आयरिश लोकांना कुणीतरी भडकवलंय. तसं नाही. १९१७ मध्ये ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये 'राष्ट्रीय घर' देऊ करणारा ब्रिटिश मंत्री आर्थर बाल्फोर त्याआधी ब्रिटिश सरकारचा आयर्लंडमधला मुख्य सचिव होता. १८८७ साली मिचेल्सटाउनला पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली, तेव्हापासून तो इथे 'ब्लडी बाल्फोर'. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात गावं जाळणारे ब्रिटिशांचे पोलिस, 'ब्लॅक अँड टॅन्स', १९२२ मध्ये बरखास्त झाले, आणि त्यांतले कित्येक थेट ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाईनच्या पोलिस दलात भरती झाले. म्हणजे माणसंसुद्धा तीच! इथल्या माणसाची चीड उसनी नाही.

पण त्या चिडीत इस्रायली म्हणजे इंग्रज होऊन बसतो, ते मला पटत नाही. इंग्रजाला परत जायला इंग्लंड होतं. १९५१ मध्ये बगदाद सोडून आलेल्या ज्यू कुटुंबाने कुठे परतायचं? जेवणाच्या सुट्टीत मी हे विचारलं, तर सहकारी "खरंय" म्हणाला आणि लगेच वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहतींवर आला. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने मारलेली सुमारे १,२०० माणसंही इथे वाक्यात 'पण'च्या आधी येतात. आमच्या ग्रुपवर गाझातल्या मेलेल्या मुलांच्या वाट्याला तर तो 'पण'ही येत नाही.

मामांचं गणित सोपं: इस्रायल म्हणजे आपण, पॅलेस्टिनी म्हणजे 'ते'. 'ते' कोण, हे सांगलीत कुणाला विचारावं लागत नाही. १९४७ मध्ये पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध भारताने मत दिलं होतं, १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली, इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले ते १९९२ मध्ये. मामांची अर्धी हयात यात गेली, पण तेव्हा त्यांनी इस्रायलचं नाव काढल्याचं आईलाही आठवत नाही.

आपला खरा दुवा आहे तो बेने इस्रायलींचा. कोकणातले हे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली'; इस्रायलमधल्या दिमोना, अश्दोदकडे आजही त्यांच्यात मराठी बोलणारी जुनी माणसं भेटतात. इस्रायलला गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या प्रश्नावरून त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. त्यासाठी त्यांना आंदोलन करावं लागलं, आणि १९६४ मध्ये कुठे ते पूर्ण ज्यू ठरले. ही गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही. ती मामांच्या 'आपण'मध्ये बसत नाही, आणि माझ्या सहकाऱ्याच्या 'गोऱ्या वसाहतवाद्यां'मध्येही नाही.

दोघांत निवड करायचीच तर मी सहकाऱ्याकडे झुकेन. तो निदान स्वतःच्या आजोबांचं दुःख आठवून बोलतो. मामा दुसऱ्याच्या बॉम्बचा धाक स्वतःच्या शेजाऱ्याला दाखवतात.

मागे मी ग्रुपवर गाझातल्या सेंट पॉर्फिरियस चर्चची बातमी टाकली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे आसरा घेतलेली माणसं इस्रायली हल्ल्यात मेली होती. मामांनी विचारलं, "तिथे ख्रिश्चनही असतात?"

असतात मामा. बेथलेहेम पॅलेस्टाईनमध्येच आहे.