खुलासा : सोन्याचं वासरू आणि ‘इगो’

परवा मीच एक मेसेज पुढे ढकलला होता : बायबलमधलं सोन्याचं वासरू म्हणजे अहंकार, कारण हिब्रूतल्या ‘एगेल’चाच पुढे ‘इगो’ झाला, म्हणून ती गोष्ट मूर्तीची नाहीच, फक्त चेतनेची. न तपासता पाठवला, चूक माझी.

‘एगेल’ म्हणजे साधं वासरू. ‘इगो’ लॅटिन, अर्थ ‘मी’. दोघांचा काडीचा संबंध नाही. मानसशास्त्रातला ‘इगो’ ज्याच्यामुळे गाजला, तो फ्रॉइड तर जर्मनमध्ये ‘दास इश’ लिहायचा, त्याचं ‘इगो’ केलं इंग्रजी अनुवादाने.

मग ही गोष्ट जिथे आहे, तो बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाचा ३२वा अध्याय काढून वाचला. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याला डोंगरावरून उतरायला उशीर होतो, लोक कानातली सोन्याची कुंडलं उतरवून त्याच्या भावाला, अहरोनाला देतात, तो वासरू घडवतो, लोक त्याची पूजा करतात. मोशे ते जाळतो, कुटून भुकटी करतो, पाण्यावर टाकून लोकांना प्यायला लावतो. पुढे ‘आपल्या भावालाही मारा’ या मोशेच्या हुकमावरून सुमारे ३००० माणसं मारली जातात. (हा भाग मेसेजमध्ये अर्थातच नव्हता.) बायबलच्याच ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात इस्राएलचा यराबाम राजाही बेथेल आणि दान इथे अशीच दोन वासरं बसवतो. म्हणजे वाद खऱ्याखुऱ्या पूजेचा होता.

आतला अर्थ शोधूच नये, असं नाही. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फायलो या ज्यू तत्त्वज्ञाने याच अध्यायातला ‘भाऊ’ म्हणजे शरीर, असं वाचलं होतं. मला ते आवडतंही. पण ते त्याचं भाष्य आहे, शब्दाचा मूळ अर्थ नव्हे.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच माणसांना हा खुलासाही पाठवा.