वर्मलीच्या हॉटेलात राष्ट्राध्यक्षपद विकलं गेलं?

निवडणुकीवरून वाद पेटला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: अमेरिकेत १८७६ च्या निवडणुकीनंतर, १८७७ साली वॉशिंग्टनच्या वर्मली हॉटेलात रातोरात सौदा झाला, यादवी युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेलं केंद्राचं सैन्य काढायच्या बदल्यात रिपब्लिकन हेझला राष्ट्राध्यक्षाची खुर्ची मिळाली आणि लोकांनी निवडलेला डेमोक्रॅट टिल्डन घरी बसला. गोष्ट झकास आहे, पण तारखांशी जुळत नाही.

आधी ते "लोकांनी निवडलेला". टिल्डनला जवळपास अडीच लाख मतं जास्त होती, कबूल. पण दक्षिणेत मतदान कसं झालं? साउथ कॅरोलायनातल्या हॅम्बर्गमध्ये जुलै १८७६ मध्ये कृष्णवर्णीयांची (म्हणजे रिपब्लिकनांच्या मतदारांची) कत्तल झाली होती, आणि नोव्हेंबरात त्याच राज्यात एकूण मतदारांपेक्षा जास्त मतं निघाली! इकडे लुइझियानात रिपब्लिकन मंडळाने डेमोक्रॅटांची हजारो मतं बाद ठरवली. साव कुणीच नव्हता.

आता सौदा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्याच्या वाट्याला येणाऱ्या इलेक्टोरल मतांवर, आणि बहुमताला अशी १८५ मतं लागत होती. टिल्डनकडे १८४, वादात २०. त्यांचा निवाडा काँग्रेसने नेमलेल्या पंधरा जणांच्या आयोगाने ८ विरुद्ध ७ असा हेझच्या बाजूने करत नेला. हॉटेलातली बैठक २६ फेब्रुवारीची. तोवर फ्लोरिडा, लुइझियाना, ऑरेगॉन हेझच्या पदरात पडलेही होते. बैठकीने फार तर मोजणी लांबवायचा प्रतिनिधीगृहातल्या डेमोक्रॅटांचा वेळकाढूपणा आवरला असेल. (हॉटेलमालक जेम्स वर्मली स्वतः कृष्णवर्णीय होता, हे फॉरवर्डवाल्यांना सहसा ठाऊक नसतं.)

सैन्य म्हणाल, तर उरलं होतं लुइझियानातलं न्यू ऑर्लिन्स आणि साउथ कॅरोलायनातलं कोलंबिया इथल्या राज्यभवनांपाशी, तेही थोडकं. एप्रिलमध्ये ते बराकीत परतलं.

राहिला "खुर्चीसाठी काहीही करणारा हेझ". मतमोजणीवर नजर ठेवायला त्याच्याच पक्षाचा सिनेटर जॉन शर्मन न्यू ऑर्लिन्सला गेला होता. त्याला हेझने २७ नोव्हेंबर १८७६ ला लिहिलं की निवडणूक सरळ झाली असती तर दक्षिणेत आपल्याला निदान चाळीस इलेक्टोरल मतं मिळाली असती. पण डेमोक्रॅटांच्या लबाडीला आपल्या लोकांनी लबाडीने उत्तर द्यायचं नाही, आपल्याकडून काही वाकडं होता कामा नये. सौदेबाजाची ही भाषा नव्हे.

मला हेझचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. ती चाळीस मतं कुणाची बुडाली, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी सप्टेंबर १८७७ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना अटलांटात त्याच कृष्णवर्णीयांना त्याने सांगितलं की केंद्र सरकार मध्ये न पडता गोऱ्यांना त्यांच्या मनाप्रमाणे वागू दिलं, तर तुमचे हक्क जास्त सुरक्षित राहतील.