'बाबांना दरीच्या तोंडावरूनच परत फिरवलं' या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या सहलीला तुम्ही दोन तारे दिलेत. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या ७१ वर्षांच्या बाबांना गाइडने सामारियाच्या दरीत उतरू दिलं नाही, जेवण मिळालं नाही, बोटीसाठी दोन तास बसवलं आणि 'बघायला काय, तर पडकी घरं', अशा तुमच्या तक्रारी आहेत. शिवाय त्या दिवसाचे पैसे परत हवेत.

काकांच्या दमाबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण सिंहगडावर आधी चढ असतो, नाहीच झेपलं तर अर्ध्यातून मागे फिरता येतं आणि वरून यायला जीप मिळते. सामारियात सगळं उलटं. ओमालोसच्या पठारावरचं क्सिलोस्कालो, म्हणजे दरीत उतरायची वाट सुरू होते ती जागा, साधारण १,२३० मीटरवर आहे. तिथून थेट समुद्रापर्यंत उतार, एकूण १६ किलोमीटर, आणि सगळ्यात तीव्र उतरण सुरुवातीलाच. चार-पाच किलोमीटरवर गुडघा बोलायला लागला तर मागे फिरणं म्हणजे तोच उतार चढणं. आत गाडी जात नाही. मुक्कामाला परवानगी नाही. अडलेल्या माणसाला बाहेर काढायला वनरक्षकांकडे खेचरं असतात, पण त्या भरवशावर आम्ही कुणाला खाली सोडत नाही.

बसमधून उतरताना काकांच्या गुडघ्याला पट्टा होता. गाइडने विचारलं तेव्हा 'उतरताना दुखतो' हे काकांनीच सांगितलं. आमच्या फॉर्ममधला गुडघेदुखीचा रकाना मात्र तुमच्याकडून कोराच आला होता.

त्यांना हॉटेलवर बसवून ठेवलं नाही, हे अभिप्रायात राहून गेलं. आमचा दुसरा माणूस त्यांना टॅक्सीने किनाऱ्यावरच्या होरा स्फाकियॉनला आणि तिथून बोटीने आयिया रुमेलीला, म्हणजे दरीच्या खालच्या टोकाच्या गावाला, घेऊन गेला. टॅक्सी आणि बोट दोन्हींचा खर्च आमचा. तिथून ते सावकाश वर चालत 'पोर्टेस'पर्यंत आले. दोन्ही बाजूंना सुमारे ३०० मीटरचे कडे आणि मध्ये जेमतेम चार मीटरची वाट, ती हीच जागा. तुम्ही अभिप्रायाला जोडलेला बाप-लेकाचा फोटो तिथलाच आहे.

जेवणाचं म्हणाल तर दरी राष्ट्रीय उद्यानात येते आणि उद्यानाच्या आत हॉटेल नाही, टपरीही नाही. डबा सोबत घ्यायचा, हे आदल्या संध्याकाळी ग्रुपवर लिहून पाठवलं होतं. पाणी झऱ्यांवर भरून घेता येतं, म्हणून बाटली एकच पुरते.

आयिया रुमेलीला मोटाररस्ता नाही, बाहेर पडायचं ते बोटीनेच, आणि बोट तिच्या वेळेला सुटते. आम्ही वेळ ठरवतो ती सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या हिशेबाने. तुम्ही भराभर उतरलात म्हणून थांबावं लागलं. बोट चुकली असती तर रात्र तिथेच काढावी लागली असती.

आणि ती पडकी घरं सामारिया गावाची. १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि माणसांना गाव सोडून जावं लागलं. माझ्या मते तिथे दहा मिनिटं टेकलं नाही तर दरी अर्धीच पाहिली. क्री-क्री, म्हणजे तिथली रानबकरी, दिसण्याची शक्यताही त्याच परिसरात जास्त.

पैसे परत करता येणार नाहीत. पुढच्या वेळी काकांना पूर्ण घळच चालायची असेल तर क्रीटमधलीच इम्ब्रोसची सुचवेन. ती सुमारे आठ किलोमीटरची आहे, उतारही सामारियाच्या साधारण निम्मा, आणि दोन्ही टोकांना गाडी येते. तरीही आधी गुडघा डॉक्टरांना दाखवा आणि त्यांचं मत या वेळी फॉर्ममध्ये लिहा.

काकांना नमस्कार सांगा.