सेटिंग्जचं हे भिजत घोंगडं

विंडोजमध्ये साधी एक गोष्ट बदलायची तर ती नव्या 'सेटिंग्ज'मध्ये आहे की जुन्या 'कंट्रोल पॅनल'मध्ये, इथपासून शोधाशोध सुरू होते. डोकं फिरतं अक्षरशः. २०१२ साली विंडोज ८ बरोबर 'पीसी सेटिंग्ज' आलं, २०१५ ला विंडोज १० मध्ये त्याचं 'सेटिंग्ज' झालं, २०२१ ला विंडोज ११ मध्ये त्याची पुन्हा रंगरंगोटी झाली. तरीही १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून चालत आलेलं कंट्रोल पॅनल तिथंच आहे, आणि कितीतरी कामं अजून त्याच्या जुन्या खिडक्यांशिवाय होत नाहीत.

आवाजाचंच घ्या. कॉल सुरू झाला की मागे चाललेलं गाणं एकदम बारीक होतं. ते थांबवायला माणूस सेटिंग्ज उघडतो, सिस्टममध्ये जातो, मग साउंड. तिथं स्पीकर आहे, माइक आहे, हवं ते नाही. पार खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' अशी ओळ, ती दाबली की जुनी छोटी खिडकी उघडते. तिच्यातला शेवटचा टॅब 'कम्युनिकेशन्स'. तिथं कळतं की कॉलच्या वेळी बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे हे विंडोजने आपल्याला न विचारता ठरवून ठेवलंय. चार पर्याय आहेत, त्यातला 'डू नथिंग' निवडायचा, संपलं काम. चारच पर्याय! नव्या पानावर एवढे चार पर्याय टाकायला यांना इतकी वर्षं पुरली नाहीत? आणि डार्क मोड लावलेला असेल तर काळ्या स्क्रीनवर ती पांढरीफटक खिडकी डोळ्यांवर आदळते ते वेगळंच.

'फास्ट स्टार्टअप'ची तऱ्हा याहून वाईट. हे चालू असलं की शटडाउन केलेला कॉम्प्युटर पूर्ण बंद होत नाही, सिस्टमचा काही भाग डिस्कवर लिहून ठेवला जातो. त्याच कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टम टाकलेल्यांना हे बंद करावंच लागतं. सेटिंग्जमधल्या पॉवरच्या पानावर त्याचा पत्ता नाही. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. तिथं पोहोचलात की चौकट दिसते, पण करडी, टिक काढताच येत नाही. मग वर एक बारीक ओळ वाचायची: 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'. ती दाबल्यावर चौकट जिवंत होते. हे कुणाला आपणहून सुचेल, सांगा.

लपवाछपवी एकवेळ सहन होईल, पण ही दोन घरं एकमेकांच्या विरोधातही जातात. जुन्या पॉवर प्लॅनमध्ये कधीकाळी 'हाय परफॉर्मन्स' निवडलेलं असेल, तर नव्या सेटिंग्जमधला 'पॉवर मोड' बदलता येत नाही. बदलायचा तर पुन्हा जुन्या घरी जाऊन प्लॅन बदला. विंडोज १० मध्ये हाताने आयपी, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, टाकणाऱ्यांनी तर काय काय भोगलं! जुन्या खिडकीत 'सबनेट मास्क' म्हणून २५५.२५५.२५५.० लिहायचं. नव्या पानावर त्याच जागी 'सबनेट प्रीफिक्स लेंथ', तिथं तेच नुसतं २४ असं लिहायचं. सवयीने मास्क टाकला की सेव्ह होत नाही, आणि संदेश काय, तर एक किंवा अधिक सेटिंग्ज तपासा. कुठलं सेटिंग, त्यात काय चुकलं, काही सांगत नाही.

मराठीत टाइप करणाऱ्यांची यातून सुटका नाहीच. कीबोर्ड जोडायचा नव्या घरात: टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, मराठीसमोरचे तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स. पण भाषा बदलायची की-जोडी ठरवायची असेल तर 'टायपिंग', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज', आणि तिथून एक दुवा थेट जुन्या खिडकीत नेऊन सोडतो. एकाच भाषेचं काम, निम्मं इथे, निम्मं तिथे. एक ना धड भाराभर चिंध्या.

सगळ्यात जास्त राग येतो तो घरातल्या मोठ्या माणसांना फोनवरून समजावताना. "काका, 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' दिसतंय का? त्यात माउस. आता खाली 'अ‍ॅडिशनल माउस सेटिंग्ज' दाबा." "अरे, हे तर भलतंच काहीतरी उघडलं. माझ्या हातून काही बिघडलं का?" काहीही बिघडलेलं नसतं. त्यांनी सांगितलं तेच केलेलं असतं. तरी त्यांच्या मनात भीती बसते, आणि पुढच्या वेळी माउसचा बाण भरभर पळत असला तरी ते तसाच चालवून घेतात, कुणाला विचारत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या ड्रायव्हरांची (म्हणजे प्रिंटरसारखी जोडलेली यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रामांची) आणि ऑफिसातल्या जुन्या सॉफ्टवेअरची सोय पाहावी लागते, कंट्रोल पॅनल एका रात्रीत उपटता येत नाही, हे मान्य. पण ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या मदतपानावर लिहिलं की कंट्रोल पॅनल हळूहळू निकालात काढतोय, आणि त्याची बातमी झाल्याबरोबर शब्द फिरवले: त्यातल्या बऱ्याच गोष्टी सेटिंग्जमध्ये हलवतोय. बऱ्याच म्हणजे कुठल्या? उरलेल्यांचं काय? ज्याचा कॉम्प्युटर आहे त्याने हे दर अपडेटनंतर चाचपडत शोधायचं का? कुठलं सेटिंग कुठून कुठे गेलं आणि बाकीची कधी जाणार, तारखांसकट यादी जाहीर करा. आणि एखादी गोष्ट नव्या पानावर पूर्ण चालायला लागेपर्यंत जुन्या जागेवरून तिला हात लावू नका.