क्रियापदांचे प्रकार शिकवूच नका म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेले चार दिवस एक मेसेज फिरतोय, आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या पालकांच्या ग्रुपवर तर तीनदा येऊन गेला. म्हणणं असं की इंग्रजी शिकवताना क्रियापदांचे प्रकार वगैरे बंद करा, मूल आईची भाषा व्याकरणाशिवाय बोलतं तशीच इंग्रजीही कानावर पडून येते, व्हर्ब म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द एवढं पुरे, सकर्मक-अकर्मक (कर्म घेणारं आणि न घेणारं क्रियापद) नुसतं मार्कांपुरतं, आणि चुकलं तरी समोरच्याला समजतंच ना. मी पंधरा वर्षं घरी इंग्रजीचे क्लास घेते, मुलं बहुतेक मराठी माध्यमाची, आईवडील सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये कामाला, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी आईच्या भाषेचं. बाळ उठल्यापासून झोपेपर्यंत मराठीच ऐकतं, चार-पाच वर्षं, तेव्हा कुठे नीट बोलायला लागतं. आमच्या पोरांच्या कानावर इंग्रजी पडते शाळेतल्या एका तासाला, तोही बराचसा मराठीतून समजावलेला. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावीतली मुलं माझ्याकडे येऊन 'आय डिडन्ट वेन्ट' लिहितात. का लिहितात बघा ना. आपण 'मी गेलो नाही' म्हणतो, भूतकाळ 'गेलो'मध्येच असतो आणि 'नाही' नुसतं मागे येतं. इंग्रजीत तो भूतकाळ 'डिड' उचलतं म्हणून पुढचं 'गो' साधं राहतं. मुख्य क्रियापद कुठलं आणि सहाय्यक कुठलं हे न सांगता हे समजावणार कसं? नुसतं "चूक आहे, डिडन्ट गो लिही" म्हटलं की पोर त्या दिवशी लिहितं आणि सोमवारी परत वेन्ट.

'क्रिया दाखवणारा शब्द' हे तर अर्धवटच आहे. 'ही इज अ डॉक्टर' यात कोण काय करतंय? नो (माहीत असणं), हॅव, लाइक, बिलाँग, ही सगळी स्थिती दाखवणारी, त्यांना सहसा आयएनजी लागत नाही, हे सांगितलं नाही की 'आय ॲम नोइंग' येतंच.

आता सकर्मक-अकर्मक, ज्यावर मेसेजवाल्यांचा सगळ्यात जास्त राग आहे. मागच्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीनं वहीत लिहिलं, 'आय फेल द बॉटल' ('फॉल'चा भूतकाळ 'फेल'). मी विचारलं हे काय, तर म्हणाली, "मॅडम, मी बाटली पाडली ना." मग फळ्यावर लिहिलं, पडणं-पाडणं, फुटणं-फोडणं, जळणं-जाळणं. या जोड्या तिला जन्मापासून येत होत्या, फक्त त्यांना नाव आहे हे माहीत नव्हतं. इंग्रजीत 'फॉल' अकर्मक, पाडायला 'ड्रॉप' हे वेगळं क्रियापद लागतं. बरं, प्रत्येक वेळी वेगळं लागतं असंही नाही, निफाडला द्राक्षं पिकतात आणि शेतकरी द्राक्षं पिकवतो, इंग्रजीत दोन्हीकडे 'ग्रो'च. तेव्हा तीच म्हणाली, "मग ब्रेक पण तसंच का, फुटणं आणि फोडणं?" हो, तसंच! एका प्रकाराचं नाव कळलं आणि पुढचं उदाहरण पोरीनं स्वतः शोधलं, मला सांगावं लागलं नाही.

'द्वारका सर्कलला ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' हेही त्यातलंच. 'हॅपन'ला कर्मच नाही, पॅसिव्ह (कर्मणी प्रयोग) होणार कशाचा?

आणि हा काही परका विषय नाही हो. आपण 'ती गेली' म्हणतो पण 'तिनं भाकरी खाल्ली' म्हणतो, तो 'नं' कर्मामुळे येतो (थोडे अपवाद आहेत, ती पाणी प्यायली, ती धडा शिकली).

एक मात्र मेसेजमधलं पटतं, व्याख्या पाठ करून घेणं आणि 'प्रकार ओळखा'ची पंचवीस वाक्यं सोडवून घेणं यानं काहीच येत नाही, उलट पोरं घाबरतात. पण तो दोष शिकवायच्या पद्धतीचा आहे, प्रकारांना कशाला घालवता?

राहिलं 'चुकलं तरी समजतं'. माझ्या एका विद्यार्थ्याला फोनवर सरांना सांगायचं होतं की तुम्हाला यायची गरज नाही, मीच फाइल आणून देतो. तो म्हणाला, 'सर, यू मस्ट नॉट कम.' म्हणजे तुम्ही यायचंच नाही! 'डोन्ट हॅव टू' आणि 'मस्ट नॉट' यातला फरक त्याला कुणी सांगितलाच नव्हता, सर दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाहीत आणि याला कळेना आपलं काय चुकलं.