तिच्या ताटात डोकावू नका

जाड माणसाच्या ताटात डोकावणं बंद करा. कळकळीने सांगतेय.

आज एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत शेजारच्या बाईंनी माझ्या भाचीच्या ताटातली दुसरी पुरी उचलली आणि सरळ बाजूला ठेवली. "जिभेवर ताबा ठेव गं, उद्या तुझंही ठरवायचंय." सगळ्यांसमोर! पोरीने वरणभात कालवला आणि तसाच टाकून उठली.

या पोरीला मी पाळण्यात पाहिलंय. घर तेच, आई तीच, तिच्या थोरल्या बहिणीला अर्धी भाकरी जड होते आणि हिला जेवून उठल्यावर तासाभरात पुन्हा भूक. शाळेत असताना लाडवाच्या डब्याचं झाकण ओढणीत धरून उघडायची, आवाज होऊ नये म्हणून. "मावशी, मला खरंच भूक लागते गं," असं म्हणायची. तिला खोटं बोलायची काय गरज होती?

भूक मेंदूत ठरते, आणि तिथली बरीचशी जुळणी आईबापांकडून येते. एफटीओ जनुकाचा एक प्रकार 2007 साली सापडला. तो दोन्हीकडून आलेल्या लोकांचं वजन सरासरी 3 किलो जास्त भरतं. स्कॉटलंडच्या शाळकरी मुलांत पाहिलं, तर हा प्रकार असलेल्या मुलांचं शरीर ऊर्जा कमी जाळत नव्हतं. ती जास्त कॅलरीचं खाणं उचलत होती.

केंब्रिजचा 2016 चा प्रयोग तर त्या बाईंना वाचून दाखवायला हवा होता. चिकन कोर्मा तीन तऱ्हेचा, दिसायला-चवीला सारखा, फक्त स्निग्धांश कमीजास्त. पाहिजे तेवढा खा. मेंदूत भूक आवरायला मदत करणाऱ्या एमसी4आर जनुकात बिघाड असलेल्यांनी जास्त स्निग्ध कोर्मा सडपातळ लोकांच्या जवळजवळ दुप्पट खाल्ला. कुठल्यात काय आहे हे कुणालाच ओळखता येत नव्हतं! आणि गोड पदार्थ ठेवला तेव्हा त्यांनी इतरांपेक्षा कमी खाल्ला. आता सांगा, यात जिभेचा काय दोष?

हो, गल्लोगल्ली तळलेलं मिळतं, चालणं संपलंय, आणि व्यायामाने एफटीओचा जोर थोडा कमी होतो. मान्य. पण म्हणून कुणाच्या ताटातली पुरी उचलायची?

भाची घरी आल्यावर काहीच बोलली नाही. मी पिठलं टाकलं, दोघी जेवलो. ती पोटभर जेवली, मला फार बरं वाटलं. त्या बाईही वाईट नसतील, त्यांनाही कुणीतरी असंच टोचून वाढवलं असेल. पण हे आता आपल्या पिढीत थांबायलाच हवं.

आणि एक, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1997 साली केंब्रिजच्या ओ'राहिली आणि फारूकी या संशोधकांच्या गटाने दोन चुलत भावंडांची गोष्ट जगापुढे मांडली. त्यातल्या 8 वर्षांच्या मुलीचं वजन 86 किलो होतं, भूक कधी शमायचीच नाही. तिच्या शरीरात लेप्टिन, म्हणजे मेंदूला भूक आवरायला सांगणारं हार्मोनच, बनत नव्हतं. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर तिची भूक ताब्यात आली आणि वजन उतरलं. असे आजार फार थोड्यांना असतात, पण असतात. तुमच्या घरात अगदी तान्हेपणापासून सतत भुकेलेलं आणि झपाट्याने वजन वाढणारं मूल असेल, तर त्याला रागावू नका, खाणं लपवू नका. मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाकडे न्या आणि जनुकतपासणीची गरज आहे का, ते स्पष्ट विचारा.