‘वयानुसार शिफ्ट वेगळ्या करा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या मालकांमध्ये एक संदेश फिरतोय: १९९७नंतर जन्मलेली मुलं टिकत नाहीत, पन्नाशीच्या माणसांना नवं मशीन जमत नाही, तेव्हा शिफ्ट वयानुसार वेगळ्या करा. तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत, तिसरा तर घातक.

‘मुलं टिकत नाहीत.’ सोडून गेलेल्यांची यादी जन्मसालाऐवजी नोकरीच्या वर्षांप्रमाणे लावून पाहा. बाविशीतला माणूस कुठल्याही काळात नोकऱ्या बदलतो, त्याचं काही अडकलेलं नसतं. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी ५ वर्षांनी, पीएफची पेन्शन १० वर्षांच्या नोकरीवर. पन्नाशीचे काका टिकतात त्यात याचाही वाटा आहे. पिढ्यांच्या लेबलांवरून माणसं हाताळायला ठोस आधार नाही, असं अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी २०२०च्या अहवालात म्हटलं. मुलाला पहिल्याच दिवशी कागदावर द्या: मशीन कोणतं, सेटिंग एकट्याला जमल्यावर पगार किती वाढणार, ते कोण ठरवणार.

‘वयस्कांना सीएनसी जमत नाही.’ सीएनसी म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणारं मशीन. ते शिकवतो कसं आपण? चालू जॉबवर, घाईत, पोरांच्या देखत. कोण विचारेल शंका? मशीन रिकामं असताना एकच गोष्ट घ्या, वेअर ऑफसेट, म्हणजे हत्यार झिजलं की माप सुधारायला मशीनमध्ये भरायचा आकडा. नगाचा व्यास २५.०० मिमी हवा, मायक्रोमीटर २५.०४ दाखवतो, म्हणजे एक्समध्ये (व्यासाच्या रकान्यात) −०.०४ आणखी जायला हवेत. तिथे आधीचे −०.०२ असतील आणि ‘प्लस इनपुट’ऐवजी नुसतं ‘इनपुट’ दाबलं, तर जुनी दुरुस्ती पुसली जाते आणि पुढचा नग २५.०२ येतो. −०.०४च्या जागी −०.४ पडलं की नग थेट भंगारात. या दोन चुका मुद्दाम करायला लावा, वाया गेलेल्या तुकड्यावर. मग हात बसतो.

बडोद्यात भाषेची अडचणही वयाच्या नावावर खपते. दांडिया बाजारातले काका गुजरातीत समजावतात, बिहारहून आलेला मुलगा मान डोलावतो. ‘समजलं का?’ विचारू नका, करून दाखवायला सांगा.

‘शिफ्ट वेगळ्या करा.’ इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं बदलता येणारं कापणारं टोक, झिजल्याचं काकांना आवाजावरून कळतं, ते मुलाला त्यांच्या शेजारी उभं राहूनच कळणार. जोड्या मिश्र ठेवा. शिफ्ट बदलताना १५ मिनिटं दोघं मशीनपाशी हवेत आणि वहीत चार नोंदी: शेवटचं माप, बदललेला ऑफसेट, इन्सर्ट कितव्या नगाला बदलला, काय राहिलं. व्हॉट्सॲपवर टाकलेलं दुसऱ्या दिवशी सापडत नाही. या १५ मिनिटांचे पैसे द्या, नाहीतर वही कोरीच राहील.

‘सगळं शिकवलं तर मला काढतील’ ही काकांची भीती खरी आहे. म्हणून त्यांच्या हाताखाली किती जण एकट्याने सेटिंग करू लागले, हे त्यांच्या पगारवाढीत मोजा. आणि ५८व्या वर्षी निवृत्ती असेल, तर ही मोजणी ५७व्या वाढदिवसाआधी सुरू करा. शेवटच्या महिन्यात फक्त निरोपसमारंभ होतो.